मागून येणाऱ्यासाठी

जिओकॅशिंग हा खेळ सांगायला सोपा आहे. कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. दुसरा कुणी हातात जीपीएस यंत्र किंवा फोन घेऊन तिथे पोहोचतो, शोधाशोध करून डबा हुडकतो, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितो, झाकण घट्ट लावतो, डबा होता तिथे ठेवतो आणि निघून जातो. ज्याला सापडला त्याला बक्षीस नाही, ज्याला सापडला नाही त्याला दंड नाही. इतक्या निरुपद्रवी उद्योगात नैतिक प्रश्न तो कोणता असणार, असे वाटणे साहजिक आहे. पण या खेळाचे शिष्टाचार वाचताना मला एक गोष्ट सतत जाणवत राहिली. त्यातला जवळजवळ प्रत्येक नियम त्या क्षणी तिथे हजर नसलेल्या माणसाबद्दल आहे. जो समोर नाही, ज्याचे नाव ठाऊक नाही आणि जो आपल्याला बहुधा कधीच भेटणार नाही, त्याचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न या खेळाने फारसा गाजावाजा न करता हाती घेतला आहे.

या खेळाची जन्मतारीख सांगता येते. १ मे २००० रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी जाहीर केले, की नागरी वापराच्या जीपीएस संदेशांत लष्करी कारणांसाठी मुद्दाम मिसळली जाणारी चूक त्या मध्यरात्रीपासून थांबेल. तोवर सामान्य माणसाच्या हातातले यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे. एका रात्रीत ती चूक दहा-वीस मीटरवर आली. ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ झाडीत एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर लिहून टाकले. बादलीत पुस्तके होती, थोडे पैसे होते, एक गलोल होती, घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद डबा होता. आणि एक वही व पेन्सिल. नियम एकच होता: काही घ्या, काही ठेवा आणि वहीत लिहा. तीन दिवसांत दोन जणांना ती बादली सापडली.

लपवलेल्या वस्तूपर्यंत चालत जाण्याची कल्पना तशी जुनी. इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या माळरानावर क्रॅनमिअर पूल नावाच्या आडजागी जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ साली एक बाटली ठेवली होती. तिथवर पोहोचणाऱ्याने आपले भेटकार्ड तिच्यात टाकायचे. त्यातून लेटरबॉक्सिंग हा छंद वाढला. उल्मर यांच्या बादलीने त्याला उपग्रहांची जोड दिली, आणि आज जगभरात असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत.

एवढ्या डब्यांवर लक्ष ठेवणे कुणाला शक्य नाही. नवा डबा जाहीर होण्याआधी स्वयंसेवक परीक्षक त्याची माहिती तपासतात: दुसऱ्या डब्यापासून तो किमान १६१ मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग, दूर हवा, जागा ज्याची आहे त्याची परवानगी हवी, डबा ठेवण्यासाठी जमीन खणायची नाही. त्यानंतर मात्र डबा आणि शोधणारा यांच्यामध्ये तिसरे कुणी नसते. डब्यातली एखादी छोटी वस्तू घेतलीत, तर तिच्या तोडीची किंवा तिच्याहून बरी वस्तू ठेवा. खाण्याचे काही ठेवू नका, वासाने जनावरे येतात. ट्रॅव्हल बग नावाचे क्रमांकाचे बिल्ले एका डब्यातून दुसऱ्या डब्यात प्रवास करत असतात. ते स्वतःजवळ ठेवून घेऊ नका, पुढच्या डब्यात पोहोचवा. आणि डबा जसा होता तसाच ठेवा. अधिक चांगला लपवण्याच्या फंदातही पडू नका, कारण तो कितपत लपलेला असावा हे लपवणाऱ्याने ठरवले आहे.

यातला मला सर्वांत आवडलेला शिष्टाचार डब्याच्या माहितीसोबत दिल्या जाणाऱ्या सूचक ओळीचा आहे. ही ओळ उलगडून छापत नाहीत. इंग्रजी वर्णमालेतले प्रत्येक अक्षर तेरा घरे पुढे सरकवून ती लिहिलेली असते. हे कूट कुणीही दोन मिनिटांत सोडवू शकतो. गुपित राखायला ते निरुपयोगी आहे. त्याचे काम इतकेच, की ज्याला सूचना नको आहे त्याचा डोळा तिच्यावर चुकून पडू नये. कधीही न भेटणाऱ्या माणसाच्या कुतूहलाची इतकी काळजी फार थोड्या ठिकाणी घेतली जाते. पुस्तकांच्या पाठकोऱ्यांवरही ती दिसत नाही.

मार्सेल मॉस यांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात भेटवस्तूंभोवतीची तीन बंधने सांगितली: देण्याचे, स्वीकारण्याचे आणि परतफेडीचे. डब्यातली देवघेव या मांडणीत बसता बसता निसटते. इथे घेणाऱ्याला देणारा माहीत नसतो आणि परतफेड देणाऱ्याकडे वळतच नाही. ती पुढच्याकडे जाते. आपल्या परिचयातले उदाहरण घ्यायचे तर उन्हाळ्यात रस्त्याकडेला लागणाऱ्या पाणपोईचे घेता येईल. पाणी पिणारा पाणपोई लावणाऱ्याला काही देऊ शकत नाही, बहुतेक वेळा तो कोण हेही त्याला कळत नाही. त्याच्या हातात उरते ते एवढेच, की पेला पालथा घालायचा आणि रांजणावर झाकण ठेवायचे. या झाकण ठेवण्याला आपण कृतज्ञता म्हणत नाही. पण ती तीच आहे, फक्त तिचे तोंड मागून येणाऱ्या तहानलेल्याकडे आहे.

आता खरा प्रश्न. कुणी पाहत नसताना माणूस हे का पाळेल? प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये गायजीसच्या अंगठीची गोष्ट येते. बोटातली अंगठी फिरवली की माणूस अदृश्य होतो. अशी अंगठी मिळाल्यावर कुणी न्यायाने वागेल का, असा तिथला पेच आहे. त्या गोष्टीत अदृश्य माणसाला राणी मिळते, राज्य मिळते. जिओकॅशिंगमध्ये प्रत्येक जण अदृश्यच असतो, पण मिळण्यासारखे काही नसते. प्लॅस्टिकची गोटी, किल्लीची साखळी, परदेशातले एखादे नाणे. मोहच नाही, तर खोटेपणाला जागा कुठून यावी?

तरी ती होते. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याला सापडलेल्या डब्यांचा आकडा असतो, आणि आकडा असला की तो वाढावासा वाटतो. यातून 'थ्रोडाउन' नावाची पद्धत निघाली. माणूस जागेवर पोहोचतो, बराच वेळ शोधतो, डबा सापडत नाही. तो नाहीसाच झाला असावा असे त्याला वाटते, किंवा वाटून घेणे सोयीचे असते. मग तो खिशातून एक छोटी डबी काढतो, तिच्यात कागदाची चिठ्ठी घालतो, चिठ्ठीवर आपले नाव लिहितो, डबी तिथे ठेवतो आणि 'सापडला' अशी नोंद करतो.

थ्रोडाउनचे समर्थन पोकळ नाही, आणि ते नीट ऐकून घ्यायला हवे. डबा हरवलेला होता, मालकाला इतक्या लांब यायचे कष्ट पडले असते, ते वाचले. पुढे येणाऱ्याला काहीतरी सापडेल, त्याची फेरी फुकट जाणार नाही. कुणाचे काही गेले नाही. उलट ज्या मागून येणाऱ्याच्या नावाने सारे शिष्टाचार सांगितले जातात, त्याची सोयच झाली. हानी दाखवा, असे समर्थक विचारतो, आणि चटकन दाखवता येत नाही.

ती दिसण्यासाठी लपवणाऱ्याच्या जागी उभे राहावे लागते. डबा एकदा ठेवल्यावर त्याला तो दिसत नाही. डब्याची खबर त्याला फक्त शोधणाऱ्यांच्या नोंदींतून कळते. लागोपाठ तीन-चार जणांनी 'सापडला नाही' असे लिहिले, की तो समजतो, काहीतरी बिघडले आहे. मग तो जाऊन पाहतो. म्हणजे या खेळातले सर्वांत उपयोगी वाक्य 'सापडला' हे नाही. 'सापडला नाही' हे आहे. त्या वाक्याने लिहिणाऱ्याचा आकडा वाढत नाही, त्याची हुशारी दिसत नाही, पण त्याच्यावर सगळी व्यवस्था उभी आहे. थ्रोडाउन करणारा नेमके तेच वाक्य पुसतो. पुष्कळदा असेही होते, की मूळ डबा जागेवरच असतो, फक्त याला दिसलेला नसतो. मग एका जागी दोन डबे होतात. मागून येणाऱ्याला सोपी डबी सापडते, तो समाधानाने परततो आणि आपण काय पाहायला आलो होतो ते आपल्याला दिसलेच नाही, हे त्याला कधी कळत नाही. त्याची हानी झालेली आहे. ती झाल्याचे कळण्याची सोयही काढून घेतल्यामुळे ती हानी वाटत नाही.

भाषांतर करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. मूळ वाक्य हाती लागत नाही. दोन कोश झाले, त्या भाषेतल्या मित्राला विचारून झाले. अशा वेळी त्या जागी आपले एक बऱ्यापैकी वाक्य ठेवून पुढे जाता येते. वाचणाऱ्याला अडखळायला होत नाही, परिच्छेद वाहता राहतो, पान भरते. मूळ भाषा न येणाऱ्या वाचकाला फरक कळण्याची शक्यता नाही. तो तर विश्वासाने आला आहे. तळटीप देऊन 'इथला अर्थ निश्चित लागत नाही' असे लिहिणारा भाषांतरकार त्याच्यापेक्षा कमी हुशार दिसतो. पण पुढच्या भाषांतरकाराला, अभ्यासकाला, चिकाटीच्या वाचकाला शोध कुठून सुरू करायचा हे त्या तळटीपेमुळेच कळते. भारतात आपण एकमेकांच्या भाषा बहुतांशी भाषांतरांतूनच वाचतो, आणि अनेकदा तर एका भाषांतरावरून केलेले दुसरे भाषांतर वाचतो. तिथे मधल्या कुणी ठेवून दिलेली डबी किती भाषांतून पुढे गेली असेल, याचा हिशोब कुणाकडे आहे?

याचा अर्थ डबा बदलणे हेच पाप, असा नव्हे. नेव्हाडात एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवे नावाचा ओसाड रस्ता आहे. त्याच्या कडेने खेळाडूंनी हजाराहून अधिक डब्या ठरावीक अंतरावर ओळीने ठेवल्या. अशा रांगांवर एक युक्ती चालते: पहिली डबी उचलायची, चालत्या गाडीत तिच्यातल्या चिठ्ठीवर शिक्का मारायचा, पुढच्या थांब्यावर ती ठेवून तिथली उचलायची. ज्या रांगेत लपवणाऱ्यानेच याला संमती दिली आहे, हरवलेल्या डबीच्या जागी नवी ठेवा असे स्वतः सांगितले आहे, तिथे कुणी कुणाला फसवत नाही. तो कंटाळवाणा खेळ असेल, अप्रामाणिक नाही. म्हणजे फरक डबीत नसून संमतीत आहे. नंतर २०११ मध्ये ती रांग राज्याच्या रस्तेवाहतूक खात्याच्या सांगण्यावरून काढावी लागली. रस्त्याकडेला थांबत-निघत जाणाऱ्या गाड्यांमुळे अपघाताची भीती होती. खेळणाऱ्यांची आपापसात संमती होती. त्या रस्त्याने सरळ जाणाऱ्याला मात्र कुणी विचारले नव्हते.

इथे दुसरा अनुपस्थित माणूस समोर येतो. मागून येणारा निदान खेळात तरी आहे. पण ज्याला इथे काही खेळ चालू आहे हेच माहीत नाही, त्याचे काय? खेळाडूंनी त्याला 'मगल' असे नाव दिले आहे. हॅरी पॉटरच्या कादंबऱ्यांत जादू न जाणणाऱ्या सामान्य माणसांना तो शब्द आहे. मगलच्या देखत डबा काढायचा नाही, हा पहिल्या दिवशी शिकवला जाणारा नियम, आणि त्याला कारणही आहे: ज्याला वही आणि गोटी यांचा अर्थ माहीत नाही तो डबा कचरा समजून फेकून देईल. पण या शब्दात हलकीशी तुच्छताही आहे. जग दोन भागांत वाटले गेले, जाणणारे आणि न जाणणारे. आणि शिष्टाचार पहिल्या भागापुरता पाळला, की आपण सभ्य झालो असे वाटू लागते.

इंग्लंडमध्ये वेस्ट यॉर्कशरमधल्या वेदरबी गावात २०११ साली एका कॅफेबाहेर कुणीतरी संशयास्पद रीतीने काही ठेवत असल्याचे दिसले. पोलीस आले, रस्ता रिकामा करण्यात आला, लष्कराच्या बॉम्बनाशक पथकाने नियंत्रित स्फोट करून ती वस्तू उडवली. तो जिओकॅशिंगचा प्लॅस्टिकचा डबा होता. ठेवणाऱ्याच्या मनात कुणाला त्रास द्यायचे नव्हते, आणि कॅफेतल्या माणसांनी भिण्यात काही चुकले असेही म्हणता येत नाही. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनाच्या विधिमंडळापुढे २००५ साली दफनभूमीत आणि पुरातत्त्वीय जागी परवानगीवाचून हा खेळ खेळण्याला मनाई करणारे विधेयक आले. ते कायदा झाले नाही, पण त्यामागचे दुखणे खरे होते: ज्यांची माणसे तिथे पुरली आहेत त्यांना कुणी विचारले होते का?

माणसांपलीकडेही कुणी अनुपस्थित असतो. लोकप्रिय डब्याकडे जाणारी पायवाट हळूहळू गवतात उमटू लागते. खेळाडूंच्या भाषेत तिलाही नाव आहे, जिओट्रेल. प्रत्येकाने चार काड्याच वाकवलेल्या असतात, त्यामुळे दोष कुणाच्याच पदरात टाकता येत नाही; आणि तरी माती उघडी पडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय डबे ठेवता येत नाहीत, ते यामुळेही. यावर खेळातूनच निघालेले एक उत्तर मला मोलाचे वाटते. अर्थकॅश या प्रकारात डबाच नसतो. अमेरिकेच्या भूशास्त्रीय संस्थेच्या पुढाकाराने २००४ पासून तो रुळला. सांगितलेल्या जागी जायचे, तिथला खडक, धबधबा किंवा जमिनीची घडी नीट न्याहाळायची आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पाठवायची. काही ठेवायचे नाही, काही उचलायचे नाही.

खेळाडूंच्या अनुभवी सल्ल्यांमध्ये आणखी एक आहे, आणि तो वाचून मी थांबले. गर्दीच्या जागी डबा शोधायचा असेल, तर अंगात नारिंगी चमकता अंगरखा घाला, हातात पुठ्ठ्याला लावलेले कागद धरा. कुणी तुमच्याकडे पाहणार नाही. सल्ला खरा आहे, हेच त्यातले दुःख आहे. शहरात रस्ता खणणारा, गटार उपसणारा, तारा जोडणारा माणूस कुणाला दिसत नाही, म्हणून त्याचा पोशाख अदृश्य होण्याच्या कामी येतो. गायजीसची अंगठी अशी कामगारांच्या कपड्यांच्या दुकानात मिळते. आणि तो अंगरखा घालूनही प्रत्येक जण सारखाच अदृश्य होत नाही. झुडपात वाकून काही चाचपडणाऱ्या माणसाला छंदिष्ट म्हणायचे की चोर, हे पाहणारा ठरवतो, आणि तो ठरवताना कातडीचा रंग, कपडे, भाषा हे सगळे पाहतो. बिनधास्त शोधता येणे हेही कुणाकुणालाच परवडते.

भारतात हे डबे आहेत, पण विरळ. इथे हा खेळ रुजवायचा म्हटला, तर सुरुवात या दुसऱ्या अनुपस्थित माणसापासूनच करावी लागेल, कारण इथे जवळजवळ सगळेच न जाणणारे आहेत. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही घोषणा रेल्वे स्थानकांवर ऐकत आपण मोठे झालो, आणि त्या घोषणेमागे खरे स्फोट आहेत, खरे मृत्यू आहेत. १८७८ सालचा निखात निधी अधिनियम सांगतो, की जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. गुप्तधनाच्या शोधासाठी केली जाणारी अघोरी कृत्ये महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवली आहेत. अशा मुलखात तिन्हीसांजेला पडक्या देवळामागे दगड उचलून पाहणाऱ्याने आपण गोटी आणि वही शोधत होतो असे सांगितले, तर गावकऱ्यांनी त्यावर विश्वास का ठेवावा? त्यांचा संशय हे अज्ञान नाही. तोही अनुभवातून आलेला एक शिष्टाचारच आहे.

म्हणून परवानगी मागण्याचा नियम मला या खेळाचा कणा वाटतो, जरी तो सर्वांत रूक्ष आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा असला तरी. वहीत नाव लिहिणे, तोडीची वस्तू ठेवणे, यात आपल्यासारख्याच माणसाशी चांगले वागणे आहे. ते आनंदाचे असते, त्यात आपलेपणाही मिळतो. बागेच्या रखवालदाराला, देवळाच्या पुजाऱ्याला, शेताच्या मालकिणीला जाऊन सगळे समजावून सांगणे आणि तिने नको म्हटले तर परत फिरणे यात कसलीच गंमत नाही. 'सापडला नाही' असे लिहिण्यासारखेच ते आहे. दोन्हीकडे आकडा वाढत नाही, आणि दोन्हीकडे न दिसणाऱ्या कुणाचे तरी म्हणणे आपल्या इच्छेच्या आधी येते.

डबा बंद करताना शेवटी पाहायचे असते ते झाकण. वहीचा कोपरा किंवा प्लॅस्टिकची पिशवी कडेत अडकली, तर झाकण बसल्यासारखे दिसते आणि पहिल्या पावसात पाणी आत जाते. मग वही भिजते, शाई पसरते, आधी येऊन गेलेल्यांची नावे पुसली जातात आणि पुढच्याला लिहायला कोरडे पान मिळत नाही. तेव्हा पिशवी आत सारायची, कडेवरून बोट फिरवून पाहायचे आणि झाकण पुन्हा एकदा दाबायचे.